४.६ तारे, पण कधीचे?

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात माझ्याकडे एक काम आलं. जुन्या बातम्यांच्या फाइल्स युनिकोडमध्ये आणायच्या. या फाइल्स श्रीलिपीच्या जमान्यातल्या. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल, तर 'मुंबई'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. फाइल्स शंभरेक आणि मी एकटी. मग मी तेच केलं जे तुम्हीही केलं असतं. ब्राउझरच्या एक्स्टेंशनच्या दुकानात गेले, 'फॉन्ट कन्व्हर्टर' टाकलं, ४.६ तारे दिसणारं एक एक्स्टेंशन उचललं आणि 'अ‍ॅड' दाबलं. कसली परवानगी मागितली ते वाचलं का? छे!

काम झकास झालं. पण आठवड्याभराने गंमत सुरू झाली. काहीही सर्च केलं की मधेच एक अनोळखी पत्ता चमकून जायचा. मग नवीन टॅब उघडला की जाहिरात. मला वाटलं, लॅपटॉप म्हातारा झाला. घरचं वायफाय झालं, मग अँटीव्हायरस झाला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. शेवटी एकेक एक्स्टेंशन बंद करून बघितलं, तेव्हा चोर सापडला. तोच, ४.६वाला.

चिडून मी दुकानात परत गेले. वरती अजूनही ४.६. रिव्ह्यू 'नवे आधी' असे लावले, तर खाली एक तारा, एक तारा, एक तारा. 'सर्च हायजॅक होतोय', 'अपडेटनंतर जाहिराती येतात', 'लगेच काढा'. दोन-अडीच आठवड्यांपासून लोक हेच लिहीत होते. मी इन्स्टॉल केलं त्या दिवशीसुद्धा ते तिथंच होतं. मी फक्त आकडा बघितला होता.

सरासरीचा आळशीपणा

हे कसं होतं ते बघायला शाळेतलं गणित पुरतं. समजा, एका एक्स्टेंशनला १०,००० रेटिंग्ज आहेत आणि सरासरी ४.६. आता ते बिघडलं आणि पाठोपाठ १०० लोकांनी एकच तारा दिला. साधी सरासरी काढली तर येते ४.५६. दुकानात दशांशानंतर एकच आकडा दिसतो, म्हणून पाटीवर पुन्हा ४.६! शंभर माणसं ओरडली आणि आकडा हललाही नाही. ४.५ दिसायला अशी साधारण एकशे चाळीस माणसं लागतात. आणि ४.५ बघून तरी कोण थांबतं? आपण त्यालाही 'अ‍ॅड' दाबतोच.

आमच्या बिल्डिंगमधला एक मित्र कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिंडोशी मेट्रो स्टेशनचा जिना उतरता उतरता मी त्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "अगं, तारे नको बघूस. ताऱ्यांचा ग्राफ बघ."

"कुठंय ग्राफ?"

"तेच तर. कुठेच नाही. दुकान फक्त आजचा आकडा दाखवतं, कालचा पुसून टाकतं. ग्राफ हवा असेल तर रोज आपण लिहून ठेवायचा."

त्याच रात्री त्याच्या घरी, पोह्यांच्या डिशा बाजूला सारून, आम्ही कामाला बसलो.

आधी एपीआय समजून घेऊ

एपीआय हा शब्द आमच्या बॅचला कोविनने शिकवला. मे २०२१. बारावीची परीक्षा होणार की नाही, हेच ठरत नव्हतं आणि घरोघरी १८ ते ४४ वाले लोक लशीच्या स्लॉटसाठी फोनला चिकटलेले. माझी ताई त्यातलीच. स्लॉट उघडला की मिनिटभरात गायब. तेव्हा टेलिग्रामवर अलर्टचे ग्रुप आले. 'तुमच्या जिल्ह्यात अमुक केंद्रावर स्लॉट उघडलाय' असा मेसेज टिंग करून यायचा. हे शक्य झालं कारण सरकारने कोविनचा पब्लिक एपीआय खुला ठेवला होता. एपीआय म्हणजे एका कॉम्प्युटरने दुसऱ्या कॉम्प्युटरला प्रश्न विचारण्याची ठरलेली खिडकी. 'मुंबईत उद्या कुठे जागा आहे?' असं कोडने विचारायचं, उत्तर आकड्यांत मिळतं. माणसाने पान उघडून डोळे फोडायची गरज नाही.

मग तिथेही नियम आले. एका आयपी पत्त्यावरून ५ मिनिटांत जास्तीत जास्त १०० वेळा विचारा, आणि मिळणारी माहिती ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकते. कारण ज्याला कोडिंग येतं त्याला स्लॉट आणि बाकीचे रांगेत, अशी ओरड झाली होती. पण निदान खिडकी होती, तिच्यावर पाटी होती आणि नियम लिहिलेले होते.

मागचं गेट

आता असा विचार करा, की खिडकी आहे पण पाटी नाही. हाच अनडॉक्युमेंटेड एपीआय.

दिंडोशीत राहणाऱ्याला मागच्या गेटचं महत्त्व सांगायला नको. हायवेला पोचायचं तर रस्त्याने मोठा वळसा. शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडमधून गेलं तर पाच मिनिटं वाचतात. वॉचमन काका चेहरा ओळखतात, अडवत नाहीत. पण ही वाट सोसायटीने तुमच्या-माझ्यासाठी बांधलेली नाही. त्यांच्या माणसांसाठी आहे. उद्या कमिटीची मीटिंग झाली आणि गेटला कुलूप लागलं, तर तक्रार कुणाकडे करणार?

वेबसाइटचंही असंच असतं. तुम्ही पान उघडता, तेव्हा ते पानच आपल्या सर्व्हरला मागच्या गेटने विचारतं, 'याचे तारे किती? रिव्ह्यू कुठले?' हे संभाषण गुप्त नसतं. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, 'नेटवर्क' नावाच्या टॅबवर जा आणि पान रिफ्रेश करा. प्रश्नोत्तरांची लांबलचक यादी धडाधड खाली उतरते. त्यातला ताऱ्यांचा प्रश्न कुठला ते ओळखायचं आणि तोच आपल्या कोडमधून विचारायचा. एवढीच युक्ती. पण त्या गेटबद्दल कंपनीने कुठे काही लिहिलेलं नसतं आणि ते उद्या असेल असं वचनही दिलेलं नसतं.

तीन दुकानं, तीन तऱ्हा

एक्स्टेंशनची तीन मोठी दुकानं आम्ही धुंडाळली.

फायरफॉक्सचं दुकान सगळ्यात सरळ. मोझिलाने त्याचा एपीआय खुला ठेवलाय आणि त्याचं रीतसर माहितीपुस्तकही ऑनलाइन आहे. रेटिंगची सरासरी, एकूण रेटिंग्ज, त्यांतल्या किती जणांनी शब्दांत लिहिलंय, रोजचे सरासरी वापरकर्ते, सगळं नावानिशी मिळतं. शिवाय 'बेझियन सरासरी' नावाचा एक आकडा. दोनच मित्रांनी पाच-पाच तारे दिलेलं एक्स्टेंशन हे दोन हजार लोकांनी ४.६ दिलेल्याच्या वर बसू नये, म्हणून कमी मतं असतील तर हा आकडा लगेच भाव देत नाही. इथे मागच्या गेटची गरजच नाही.

एजच्या दुकानात गेट आहे, पाटी नाही. पान ज्या पत्त्यावर विचारतं, त्याच पत्त्यावर एक्स्टेंशनचा आयडी टाकला की नीट नावं लावलेलं उत्तर येतं: सरासरी रेटिंग, रेटिंग्जची संख्या, किती जणांकडे चालू आहे.

आणि क्रोम. ज्याने एक्स्टेंशन बनवलं त्याला ते अपलोड करायला गुगलचा अधिकृत एपीआय आहे. पण दुसऱ्या कुणाचे तारे आणि रिव्ह्यू विचारायला नाही. पान आतल्या आत 'बॅचएक्झिक्यूट' नावाच्या पत्त्याशी बोलतं. त्याचं उत्तर बघून मी डोक्याला हात लावला. सुरुवातीला कंस आणि अवतरणचिन्हांचा तुकडा, मग यादीत यादी, तिच्यात अजून यादी. कशालाच नाव नाही. 'हे रेटिंग' असं कुठेही लिहिलेलं नाही. पानावर ४.६ दिसतंय, मग यादीत ४.६ कुठे आहे ते शोधायचं आणि ती जागा लक्षात ठेवायची. बसमध्ये सीट नंबर नसताना 'खिडकीजवळचे काका' अशी खूण ठेवावी, तसं. काका उठून दुसरीकडे बसले की संपलं.

जाता जाता एक मजा. क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेंशनचा आयडी ३२ अक्षरांचा असतो आणि त्यात फक्त ए ते पी हीच अक्षरं येतात. आम्ही बराच वेळ क्यू शोधत बसलो होतो!

आमची वही

आम्ही सात एक्स्टेंशन निवडली. ऑफिसमधले आणि घरचे लोक वापरतात ती. रोज रात्री ११ वाजता मित्राचा छोटा कोड एकदाच विचारायचा आणि एका शीटमध्ये ओळ भरायचा. तारीख, सरासरी, एकूण रेटिंग्ज, वापरकर्ते, व्हर्जन नंबर. बस्स.

पहिले दहा दिवस काहीच घडलं नाही. मग कळलं की सरासरीचा रकाना बघायचाच नाही. एकूण रेटिंग्जचा बघायचा. रोज दोन-तीनने वाढणारा आकडा एका दिवशी अचानक उडी मारतो, तेव्हा काहीतरी घडलेलं असतं. काही वेळा चांगलं, काही वेळा वाईट, काही वेळा विकत घेतलेलं. त्या दिवशी आत जाऊन रिव्ह्यू वाचायचे.

व्हर्जनचा रकाना का, तर त्यामागे मोठा इतिहास आहे. 'द ग्रेट सस्पेंडर' हे एकेकाळचं लाडकं एक्स्टेंशन. खूप टॅब उघडे ठेवणाऱ्यांचा लॅपटॉप वाचवायचं. वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते. मूळ डेव्हलपरने जून २०२० मध्ये ते विकलं. घेणारा कोण, हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. पुढच्या व्हर्जन्समध्ये संशयास्पद कोड दिसू लागला, जाणकारांनी आरडाओरडा केला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. 'नॅनो अ‍ॅडब्लॉकर' २०२०च्या ऑक्टोबरमध्ये असंच विकलं गेलं आणि काही लोकांच्या इन्स्टाग्रामवरून त्यांनी न केलेले लाइक जायला लागले! दोन्हींचे तारे जुन्या मालकाने कमावलेले. मालक बदलला, तारे तसेच राहिले. एक्स्टेंशन आपोआप अपडेट होतं. नव्या व्हर्जनने जादा परवानगी मागितली तर क्रोम तुम्हाला विचारतो, पण 'सर्व वेबसाइट्सवरचा डेटा वाचा आणि बदला' ही परवानगी पहिल्याच दिवशी दिलेली असेल, तर विचारायला उरतं काय?

पण तारे सगळं सांगतात असंही नाही. २०२४च्या नाताळात 'सायबरहेवन' या सिक्युरिटी कंपनीच्याच एक्स्टेंशनमध्ये चोरांनी शिरकाव केला. कर्मचाऱ्याला फसवा ईमेल पाठवून परवानगी मिळवली आणि बिघडवलेलं व्हर्जन दुकानात टाकलं. साधारण दिवसभरात ते काढलं गेलं. एवढ्या वेळात कोण रिव्ह्यू लिहिणार? तारे बघत बसलो असतो तर काही दिसलं नसतं. बदलला होता तो व्हर्जन नंबर.

मी जवळजवळ खोटी बातमी दिली असती

एकविसाव्या दिवशी रात्री मित्राचा मेसेज आला, 'शीट बघ!!!' आमच्या सातपैकी एका छोट्या एक्स्टेंशनचं रेटिंग ४.७ वरून एका रात्रीत १.२ झालं होतं. ते एकट्या माणसाने बनवलेलं, फुकट. माझं डोकं लगेच हेडलाइनकडे. 'लोकप्रिय एक्स्टेंशनवर वापरकर्त्यांचा अविश्वास'. मी रात्री दोनपर्यंत बसून चारशे शब्द लिहिले. ग्राफसुद्धा लावला, लाल रंगात.

सकाळी ऑफिसमध्ये आमच्या ताईंना दाखवला. पुरवणीचं पान त्या बघतात. त्यांनी ग्राफ बघितला, मग मला विचारलं, "पान उघडून बघितलंस का गं?"

नव्हतं बघितलं. उघडलं. ४.७. शांतपणे ४.७.

झालं असं होतं, की दुकानाने आपल्या यादीत एक नवीन गोष्ट मधे घुसवली होती आणि पुढचं सगळं एक जागा सरकलं होतं. आमचा कोड 'खिडकीजवळचे काका' म्हणून भलत्याच माणसाला रेटिंग समजून लिहीत होता. १.२ हे त्याचं व्हर्जन होतं! बाकी सहांचेही आकडे चुकले होते, पण त्यांचं व्हर्जन योगायोगाने तीन-चारच्या आसपास होतं, म्हणून डोळ्यांना खटकलं नाही. कोड बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालू राहिला आणि शांतपणे खोटं बोलला.

पोटात गोळा आला. ज्याने घरी बसून फुकट एक एक्स्टेंशन बनवलं, त्याचं नाव मी आमच्या व्हर्जनच्या रकान्यावरून बदनाम करणार होते. आणि मी स्वतःला डेटा जर्नलिस्ट समजत होते. मी सॉरी म्हणाले, तर ताई म्हणाल्या, "सॉरी नको. परत अशी शीट आणलीस तर सोबत स्क्रीनशॉट आण."

आता आमच्या कोडमध्ये एक नियम आहे. रेटिंग एका दिवसात ०.३ हून जास्त हललं, तर ओळ लाल होते आणि माणसाने पान उघडून बघेपर्यंत ती ग्राफमध्ये जात नाही. रविवारी आम्ही सातही पानं हाताने उघडून ताडून बघतो. अर्धा तास जातो. जाऊ दे.

कायदा आणि थोडी लाज

'उघड दिसतंय ते लिहून घेतलं तर काय बिघडलं?' असं मलाही वाटत होतं. पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ४३ परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटरवरून डेटा डाउनलोड किंवा कॉपी करणं, सेवा विस्कळीत करणं याबद्दल बोलतं. अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळ्यांना दिसणारे तारे रोज एकदा बघण्याला हे लागतं का, तो वकिलांचा विषय. दिंडोशीचं सेशन्स कोर्ट आमच्या घरापासून चालत आहे, पण म्हणून तिथे जायची हौस नाही.

म्हणून आम्ही स्वतःला काही बंधनं घातली. रोज एकदाच विचारायचं. अधिकृत खिडकी असेल तर मागच्या गेटने जायचं नाही. सर्व्हरने '४२९' म्हटलं, म्हणजे 'फार विचारताय', तर थांबायचं. लॉगिनच्या पलीकडचं काही उघडायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची नावं आणि फोटो साठवायचे नाहीत. आम्हाला आकडा हवाय, माणूस नाही.

रिव्ह्यूंचं हे प्रकरण सरकारांनीही मनावर घेतलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं 'आयएस १९०००:२०२२' हे मानक आलं. विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नका, असं ते सांगतं, पण ते ऐच्छिक आहे. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. नियम आले तरी कालचा आकडा कुणी दाखवत नाही, ही गोष्ट राहतेच.

ते फॉन्टवालं एक्स्टेंशन आमच्या शीटमध्ये आठवं म्हणून टाकलंय. कालच्या ओळीत त्याचं रेटिंग होतं ४.५. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कोडिंग येत नाही? हे करा

- तारे बघून झाले की रिव्ह्यू 'नवे आधी' लावा आणि पहिले दहा वाचा. दोन मिनिटं लागतात.
- 'अपडेटनंतर' हा शब्द रिव्ह्यूंमध्ये दोन-तीनदा दिसला तर थांबा.
- ब्राउझरमधल्या एक्स्टेंशनच्या पानावर जाऊन प्रत्येकाचे 'डिटेल्स' उघडा. क्रोममध्ये 'साइट अ‍ॅक्सेस' हा 'क्लिक केल्यावरच' असा ठेवता येतो. फॉन्ट बदलणाऱ्याला तुमच्या बँकेच्या पानावर काय काम?
- महिन्यातून एकदा न वापरलेली एक्स्टेंशन काढून टाका. बंद नाही, काढून.
- फसलात तर एक तारा देऊन गप्प बसू नका. काय झालं आणि कधीपासून, ते दोन ओळींत मराठीत का होईना लिहा. पुढचा माणूस कदाचित तेवढंच वाचेल.